शिबिराला हरकत नाही, जेवण आमचा विषय नाही

सुट्टीत मुलांसाठी खेळाचं शिबिर घेऊन सोबत जेवण द्यायचा विचार असेल, तर आधी एक सांगते. खेळ आणि जेवण एकाच अर्जात लिहू नका. घाईत असाल तर एवढं वाचून बंद केलंत तरी चालेल. मला हे कुणी २०२५ च्या एप्रिलमध्ये सांगितलं असतं तर माझा निम्मा उन्हाळा बाकड्यावर गेला नसता.

आमचं गाव पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात आहे. दिवाळी झाली की निम्मी घरं कुलूप लावून भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जगायला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तान्ही पोरं आईबरोबर जातात. शाळेतली मागे राहतात, काही आजीकडे, काही आश्रमशाळेत. मे महिन्यात आश्रमशाळा बंद होते आणि तीही पोरं घरी येतात. १ मेला निकाल लागला की झेडपीच्या शाळेला सुट्टी, आणि शाळेबरोबर दुपारचं जेवणही बंद. अंगणवाडी चालू असते, पण ती सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची. सहा ते चौदा वयाची पोरं महिना-दीड महिना कुणाच्याच यादीत नसतात. दुष्काळ जाहीर झालेल्या भागात सुट्टीतही शाळेत जेवण द्यावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा आदेश आहे. तुमचा तालुका तसा जाहीर झालेला असेल तर आधी शाळेत जाऊन तेवढं विचारा, बाकीचा खटाटोप वाचेल. आमचा नव्हता.

आम्ही कॉलेजची नऊ जणं, खो-खोचा संघ मैदानात उतरेल एवढीच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. मुलींचा आणि मुलांचा, दोन्ही चषक भारताने जिंकले. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. पाड्यावरची पोरं मोबाईलवर त्याच क्लिपा पुन्हा पुन्हा बघत होती. नुसतं जेवण ठेवलं तर बारा-तेरा वर्षांचं पोर येत नाही, त्याला लाज वाटते. खेळायला बोलावलं तर येतं, आणि खेळून झाल्यावर जेवायला बसताना ते कुणाचं उपकाराचं खातंय असं त्याला वाटत नाही. आमचं सगळं गणित एवढंच होतं.

तांदूळ, डाळ, तेल गोळा करायला फार त्रास झाला नाही. बाजारातल्या दुकानदारांनी दिलं, दोन-तीन शिक्षकांनी दिलं, मुंबईत नोकरीला गेलेल्या आमच्याच पोरांनी पैसे पाठवले. एका कंपनीने ८०जी, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारा कागद, आहे का विचारलं. आमचं मंडळ नोंदणीचंसुद्धा नव्हतं, तो विषय तिथेच संपला. पैसे कुणाच्या मोबाईलवर घ्यायचे ते पहिल्या दिवशीच ठरवा, आणि हिशोबाची वही मंडळाबाहेरच्या माणसाकडे द्या. आमची वही अंगणवाडीताईंकडे होती. नंतर कुणी तोंड वर करून विचारलं नाही.

आता मूळ दुखणं.

मुख्याध्यापक सर चांगले माणूस. म्हणाले, "मैदान खुशाल घ्या. पण किचनशेड, गॅस, पातेली सगळं माझ्या डेडस्टॉक रजिस्टरला आहे. एक झारा हरवला तरी मला भरून द्यावा लागेल. वरून पत्र आणा, चावी देतो." शाळेतला शिल्लक तांदूळ आम्ही मागितलाही नव्हता, तरी त्यांनी त्याचं पोतं आम्हाला दाखवून कपाटाला कुलूप घातलं. मला त्यांचा राग आला नाही. त्यांना खरंच भरून द्यावं लागलं असतं.

वरून म्हणजे तालुक्याच्या एका कार्यालयातून. नाव लिहीत नाही, तिथे मला पुन्हा जायचं आहे. अर्जाचा विषय मी स्वतः लिहिला होता: उन्हाळी खो-खो शिबिर व मुलांना एक वेळचे भोजन यासाठी शाळेचे मैदान व किचनशेड मिळणेबाबत. खाली कारण दिलं होतं की सुट्टीत पालक स्थलांतरित असल्याने मुलांची उपासमार होते. टेबलावरच्या भाऊंनी अर्ज वाचला आणि पेन उपासमारीवर टेकवलं.

"ताई, हे कशाला लिहिलं?"

"होते म्हणून लिहिलं."

"होत असेल. पण हे पत्र वर गेलं तर खुलासा कोण देणार? आम्हीच ना?"

"मग काय लिहू?"

"मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी, असं लिहा."

मी तिथेच बाकड्यावर बसून नवा अर्ज लिहिला, सर्वांगीण विकासाचा. हात थरथरत होता, भीतीने नाही. पोर दुपारी पाणी पिऊन झोपतं याचं त्या टेबलाला काही वाटलं नव्हतं. ते कागदावर आलं याचं वाटलं होतं. भाऊ मनाने वाईट नव्हते, मला त्यांनी चहासुद्धा पाजला. म्हणूनच जास्त चीड आली.

पुढे नेहमीचं. साहेब मिटिंगला. साहेब दौऱ्यावर. साहेब आहेत, पण व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची मिटिंग, चालू आहे. अर्ज "ठेवून जा" म्हणाले म्हणून ठेवला, तर पुढच्या वेळी तो सापडेना. म्हणून आठवलं तेव्हाच सांगते: दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. शिक्का देणारा माणूस जेवायला गेला असेल तर तो येईपर्यंत थांबा. पोच नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नव्हता असं समजा.

शेवटी साहेब भेटले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "विषबाधा झाली तर जबाबदार कोण?" प्रश्न बरोबर होता, हे मला मान्य आहे. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून २३ मुलं दगावली होती. असा प्रश्न न विचारणाऱ्या अधिकाऱ्याची मला उलट भीती वाटली असती. पण मी उत्तर देऊ लागले तेव्हा ते फोनवर बोलायला लागले होते. फोन ठेवून म्हणाले, "आणि शिबिर खेळाचं आहे ना? मग आमच्याकडे कशाला? खेळाचा विषय जिल्ह्याला. तिकडचं पत्र आणा, मग बघू."

जिल्ह्याला म्हणजे पालघरला. आमच्याकडून सकाळची एसटी पकडली तरी घाट उतरून पोहोचेपर्यंत ऑफिसची चहाची वेळ होते. तिथे वागणूक बरी मिळाली. बसायला खुर्ची दिली, वयोगट विचारला, खो-खोच्या खांबांची उंची मला माहीत आहे का तेही विचारलं. मग म्हणाले, "शिबिराला आमची काही हरकत नाही. पण जेवण आमचा विषय नाही. जागा ज्यांची, जेवण ज्यांच्या खात्याचं, त्यांचं पत्र आणा. ते आलं की आम्ही देतो."

मी म्हटलं, "सर, त्यांनीच तुमच्याकडे पाठवलंय."

"तसं त्यांना लेखी द्यायला सांगा."

लेखी कुणीच देत नव्हतं. तालुका म्हणे जिल्ह्याचं आणा, जिल्हा म्हणे तालुक्याचं आणा. नाही असं कुणीच म्हणत नव्हतं. नाही म्हटलं असतं तर मी दुसरा रस्ता शोधला असता. मध्ये रविवार, मग जोडून सुट्ट्या, मग बदल्यांची चर्चा. पाड्यावर पोरं रोज विचारायची, "ताई, कधी सुरू?" आमच्यातली दोघं वैतागून म्हणाली, चल, कुलूप तोडून सुरू करू. तोडलं असतं तर सरांच्या नोकरीवर आलं असतं.

वाट काढली ती सरपंचबाईंनी. मी त्यांच्या अंगणात बसून सगळं रडगाणं सांगत होते. त्या तांदूळ निवडत होत्या, वरसुद्धा न बघता म्हणाल्या, "शाळेची चूलच कशाला पायजे तुला? समाजमंदिर कोणाचं हाय?"

समाजमंदिर ग्रामपंचायतीचं. आमचा भाग पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखाली येतो, इथे ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे, आणि १ मेची ग्रामसभा चार दिवसांवर होती. त्या सभेत ग्रामपंचायतीचं दप्तर सांभाळणाऱ्या भाऊसाहेबांकडून दोन वेगळे ठराव लिहून घेतले. एक शाळेच्या मैदानावर क्रीडा शिबिर घेण्याचा, त्यावर शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनीही सही केली. दुसरा समाजमंदिरात शिबिरार्थींच्या जेवणाचा. दोन्ही एकमताने झाले. लग्नात भाड्याने देतात ती मोठी पातेली, पराती, झारे बचत गटाच्या बायांनी फुकट दिले. अट एकच, घासूनपुसून परत. ज्या कामासाठी मी जिल्ह्यापर्यंत एसटीने घाट उतरले होते ते आमच्याच गावात एका सकाळी झालं. त्या रात्री लागली तशी झोप एप्रिलभर लागली नव्हती.

विषबाधेचा प्रश्न मात्र मी सोडला नाही. अन्नसुरक्षेचा २००६ चा कायदा फुकट जेवण देणाऱ्यालाही लागू होतो, नफा असो वा नसो. लहान प्रमाणावर करणाऱ्याला नुसती नोंदणी लागते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फॉस्कॉस पोर्टलवर अर्ज, फोटो, ओळखपत्र आणि तेव्हा, २०२५ मध्ये, वर्षाचे १०० रुपये. एजंट हजार मागेल, देऊ नका. तो कागद समाजमंदिराच्या भिंतीवर चिकटवला, त्यानंतर कुणाच्याही तोंडी विषबाधा आली नाही. शाळेचा नियम आम्हीही पाळला: मुलांच्या आधी मोठ्या माणसाने जेवून बघायचं. हे काम रोज वेगळ्या पालकाला दिलं, म्हणजे आजी-आजोबांनाच.

शाळेतच स्वयंपाक करणाऱ्या मावशींना रोजावर बोलावलं. त्यांना मानधन वर्षातले दहाच महिने मिळतं, त्यांनाही काम हवं होतं. शिवाय साठ पोरांच्या भाताला मीठ किती ते त्यांच्या हाताला ठाऊक. आम्ही माप शाळेचं धरलं, पाचवीपर्यंत १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवी १५० आणि ३०. पहिल्याच दिवशी पातेलं खरवडलं गेलं. खो-खो खेळून आलेल्या, आदल्या रात्री अर्धपोटी झोपलेल्या पोराला ते माप पुरत नाही. तांदूळ दीडपट धरा. कडेवरची धाकटी भावंडंही येतात, त्यांना परत पाठवता येत नाही, त्यांचं ताट आधीच हिशोबात घ्या. ताट-वाटी घरून आणायला सांगा. मेमध्ये टँकरच्या पाण्याने साठ ताटं धुणं परवडत नाही.

आणि खेळाआधी काहीतरी द्या. सकाळी साडेसहाला पोरं रिकाम्या पोटी येतात, दोन डाव पळाली की एखादं डोळे फिरवून खाली बसतं. आम्ही मूठभर भाजलेले चणे आणि गुळाचा खडा देत होतो, कधी नाचणीची आंबील. जेवण साडेनऊला, ऊन चढायच्या आत.

एका आजीने आमची चांगली खरडपट्टी काढली. "तुमी पोरांना पळवता, भूक वाढवता. रातच्याला मी काय घालू?" नऊ जणांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. मग पोरं जेवत असताना आम्ही घरोघरची रेशनकार्डं बघायला सुरुवात केली. काही आज्या रेशनला जातच नव्हत्या, कारण कार्ड लेकाबरोबर भट्टीवर गेलेलं. खरं तर कार्डावर नाव आणि आधार जोडलेलं असेल तर घरातल्या कुणाच्याही अंगठ्यावर धान्य मिळतं, कार्डाचा बारा आकडी नंबर माहीत असला की झालं. लेकाला फोन करून नंबर घ्यायचा, आजीला धरून दुकानात न्यायची. ज्यांचे अंगठे झिजून उमटत नव्हते तिथे भांडावं लागलं, पण ते भांडण दुकानाच्या दारात होतं, घाट उतरावा लागला नाही. सगळं शिबिर विसरलात तरी हे करा. आमच्या सगळ्या खिचडीपेक्षा त्या नंबरांनी जास्त घरं जेवली असतील.

२०२५ चा पाऊस मेमध्येच आला. चुन्याने आखलेलं मैदान वाहून गेलं, शेवटचे दिवस पोरं समाजमंदिरात लंगडी आणि फुगडी खेळली. भट्ट्यांवर कच्च्या विटा भिजल्या, माणसं लवकर परतली, हिशोबात पैसे कापून घेऊन. एका बापाने शिबिराला पाच किलो उडीद दिला, नको म्हटलं तर रागावला.

१६ जूनला शाळा सुरू झाली. त्यानंतर तालुक्याच्या त्या कार्यालयाचं पत्र आलं. "आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही." खाली गोल शिक्का, सही आणि जावक क्रमांक. मी ते फाईलला लावून ठेवलंय. पुढच्या वेळी कुणी तिकडचं पत्र आणा म्हणालं, तर हे पत्र दाखवता येईल. या वर्षीचे दोन्ही ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेतच करून घेतले. खो-खोचे लाकडी खांब गावातल्या सुताराकडून करून घेतलेत, आता फक्त डाळ जमवायची आहे.