आमची वाटचाल: ठाण्यात पिओनी उगवत नाही, उमलते मात्र

वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात पिओनीचं (थंड मुलखातलं मोठं, पाकळ्यांनी गच्च भरलेलं फूल) एकही झाड नाही, आणि ठाण्याच्या हवेत ते होणारही नाही. आम्ही कापलेली फुलं विकतो. त्यातही गिऱ्हाईक पैसे मोजतं ते उमलण्याच्या वेळेसाठी. शनिवारी संध्याकाळचा मुहूर्त असेल तर फूल शनिवारी संध्याकाळीच पूर्ण उघडलेलं हवं. शुक्रवारी उघडलं तर अक्षता पडेपर्यंत पाकळ्या झडतात, आणि रविवारी उघडलं तर ते कोणाच्या कामाचं? आमचा धंदा या एका प्रश्नाभोवती वाढत गेला.

सुरुवात ऑफिसांना कुंड्या भाड्याने देण्यापासून झाली. जोडीला दादरच्या फुलबाजारातून ऑर्किड, अँथुरियम, कार्नेशन उचलून डेकोरेटरना पोचवायचं काम होतं. घोडबंदर रोडवर लॉन्स आणि बँक्वेट हॉल वाढले तसे डेकोरेटर मोबाइलवर फोटो दाखवून 'हेच फूल पाहिजे' म्हणू लागले. फोटोत बहुतेक वेळा पिओनी. बाजारात कधी मिळायची, कधी नाही. मिळाली तरी कळी दगडासारखी घट्ट आहे की उद्याच गळणार आहे, हे पेटी उघडेपर्यंत कळायचं नाही. तेव्हा कुंड्यांचं काम कमी करत आणलं आणि सगळा पैसा थंड खोलीत घातला.

आधी 'रोप देता का?' या प्रश्नाचं उत्तर, कारण आठवड्यातून दोनचार फोन त्याचेच असतात. पिओनीला हिवाळ्यातली झोप हवीच असते. हिवाळ्यात साधारण 5 अंशांखालचे 500 ते 1000 तास (जातीप्रमाणे कमीजास्त) मिळाले तरच जमिनीतले डोळे वसंतात फुलाची कळी घेऊन वर येतात. ठाण्यात जानेवारीची रात्र 15 अंशांच्याही खाली क्वचित जाते. महाबळेश्वरची गुलाबी थंडीसुद्धा या हिशोबाला पुरत नाही. कुंडी फ्रिजमध्ये ठेवून थंडी भरून काढता येईल, पण पुढे एप्रिल-मेचा उकाडा आणि त्यावर चार महिन्यांचा पाऊस. मांसल मुळं कुजायला तेवढं पुरे. ऑनलाइन 'पिओनी बल्ब' आणि इंद्रधनुषी रंगांच्या फुलांचं बी विकतात, त्यापासून चार हात लांब राहा. पिओनीला कांदा नसतोच, जाड गाठाळ मुळं असतात. निळी पिओनी अस्तित्वात नाही. बी खरं असलं तरी आधी उबेत मूळ फुटतं, मग थंडी खाऊन कोंब येतो, आणि तिथून पहिलं फूल दिसायला तीन ते पाच वर्षं लागतात. तेही थंड मुलखात.

आता गाळ्यातलं काम.

परदेशातून आलेली पेटी विमानतळावरून फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला) आणि प्लांट क्वारंटाइनची तपासणी होऊन येते. ती बाहेरच्या खोलीत उघडायची नाही, हा आमचा पहिला नियम. आत कळ्या 2-3 अंशांवर असतात. जूनच्या दमट हवेत झाकण काढलं की मिनिटभरात प्रत्येक कळीवर दव जमतं. बोट्रायटिस नावाच्या करड्या बुरशीला एवढंच निमित्त लागतं: पाकळीच्या कडेला तपकिरी ठिपका, दोन दिवसांनी वर राखाडी लव, आणि शेजारच्या दांड्याही गेल्या. म्हणून पेटी बंदच थंड खोलीत जाते, तिथेच उघडते, तिथेच निवडली जाते. खोलीच्या दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा आहे आणि दाराबाहेरची जागा एसीची ठेवली आहे, म्हणजे ये-जा करताना बाहेरची ओल आत शिरत नाही. मे महिन्यात खोलीत जागा दिसली की कोणीतरी हापूसची पेटी ठेवायला येतंच. ठेवू देत नाही. पिकत्या आंब्यातून इथिलीन वायू सुटतो आणि फुलांना म्हातारपण लवकर येतं.

निवड बोटांनी होते. कळीचा फुगीर भाग अंगठा आणि तर्जनीत हलकेच दाबायचा. टणक गोटी असेल तर ती कच्ची कापलेली आहे; कितीही पाणी पाजा, बरेचदा उघडत नाही, तशीच सुकते. ताज्या लादीपावासारखी दबून परत वर येत असेल, वरून पाकळीचा रंग स्पष्ट दिसत असेल, तर ती साठवणीला योग्य. पाकळ्या सुट्या होऊ लागलेली कळी साठवायची नाही, त्याच दिवशी कामाला लावायची. हे तीन ढीग नीट झाले की अर्धं काम झालं.

साठवण कोरडी असते. खालची पानं काढायची, दहा-दहा दांड्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदात गुंडाळायच्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून 0 ते 1 अंशावर आडव्या ठेवायच्या. अशा स्थितीत मऊ कळी तीन-चार आठवडे नीट राहते. काही जाती त्याहून जास्त टिकतात, पण साठवणीचा प्रत्येक आठवडा फुलदाणीतल्या आयुष्यातून वजा होतो. डेकोरेटरला ते चालतं, त्याला फूल एक रात्र हवं असतं. घरच्यासाठी नेणाऱ्याला आम्ही जुना माल देत नाही. दर चार दिवसांनी पिशव्या उघडून बघायच्या. कागद ओलसर लागला तर बदलायचा. वीज गेली तर सगळं मुसळ केरात, म्हणून खोलीचा कॉम्प्रेसर जनरेटरवर आपोआप जाईल अशी जोडणी करून घेतली आहे. त्या खर्चात आम्ही घासाघीस केली नाही.

उमलवताना उलटा प्रवास. दांडी बाहेर आली की धारदार सुरीने तळाचे 2 सेंटिमीटर तिरके कापायचे. कात्री नको, ती दांडी चेपते. स्वच्छ धुतलेल्या बादलीत 10-12 सेंटिमीटर उंचीपर्यंत कोमट पाणी, त्यात पाकिटावर लिहिलेल्या पूर्ण मात्रेचं फ्लॉवर फूड. मात्रा निम्मी करून पैसे वाचत नाहीत: एवढं मोठं फूल उघडायला साखर लागते, आणि साखरेबरोबर जंतुनाशक नसेल तर दांडीच्या नळ्यांत जिवाणू साचून पाणी वर चढत नाही. खोली 22 ते 24 अंशांवर. काही कळ्यांवर चिकट थर असतो. तो कळीच्या बाहेरच्या हिरव्या पानांतून झिरपलेला मध. शेतावर याच मधासाठी मुंग्या येतात, आणि 'मुंग्यांशिवाय पिओनी उमलत नाही' ही समजूत तिथूनच आली. उमलण्याशी मुंग्यांचा काही संबंध नाही. मात्र हा मध वाळला की पाकळ्या एकमेकींना चिकटतात. कळी कोमट पाण्याखाली धरून बोटाने हलकेच चोळली, झटकली, की अडलेलं फूल सुटतं.

वेळेचं गणित जातीवर ठरतं. कोरल चार्म साधारण एका दिवसात उघडते आणि लगेच रंग बदलू लागते: आधी कोरल, मग पीच, शेवटी फिकट साय. डेकोरेटरला रंगाचा नमुना दाखवताना आम्ही तिन्ही अवस्था दाखवतो, नाहीतर स्टेजवर 'हा रंग सांगितलाच नव्हता' असा वाद होतो. सारा बर्नहार्ट ही 1906 सालची फ्रेंच जात, फिकट गुलाबी, आजही बाजारात भरपूर. ती सावकाश, दोन ते तीन दिवस घेते. डशेस द नेमूर पांढरी आणि सुवासिक. हॉल बंद एसीचा असेल तर आम्ही हीच सुचवतो, कारण उघड्या लॉनवर वास वाऱ्यावर जातो. रेड चार्मचं फूल इतकं जड की दांडी वाकते, उंच फुलदाणीत आधार लागतो. म्हणजे शनिवारच्या रात्रीसाठी सारा गुरुवारी सकाळी बाहेर काढायची, कोरल शुक्रवारी दुपारनंतर. लवकर उघडू लागली तर 4 अंशांवर परत आत; एक-दोन दिवस सहज थांबते. उशीर होतोय असं वाटलं तर पाणी बदलून पुन्हा कापायचं आणि बादली उबदार कोपऱ्यात न्यायची. कडक उन्हात किंवा हेअर ड्रायरने घाई केली की बाहेरच्या पाकळ्या करपतात आणि आतली कळी तशीच राहते.

वरमाला पिओनीची मागणारे आता बरेच. करून देतो, पण पाण्याविना फुललेलं डोकं दोन-तीन तासांत मलूल होतं आणि हाताळताना पाकळीवर डाग पडतात. म्हणून माळेसाठी अर्धी उघडलेली फुलं वापरतो आणि माळ हॉलवर मुहूर्ताच्या तासभर आधीच पोचवतो. अंतरपाट धरून मंगलाष्टकं लांबली तर आमचा नाइलाज.

हे ज्ञान कुठून आलं? बरंचसं प्रदर्शनांतून. पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनचं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन आणि भायखळ्याच्या राणीबागेतलं प्रदर्शन इथे पिओनी दिसत नाही, पण गुलाबवाले भेटतात. स्पर्धेचं फूल परीक्षकांच्या वेळेला नेमकं अर्धं उघडलेलं ठेवायचं हे त्यांचं कसब. कळीभोवती मऊ लोकरीचा धागा सैल बांधून ते ती रोखून धरतात. भरभर उघडणाऱ्या कोरलसाठी आम्ही तोच धागा वापरतो, मंडपात सोडतो.

खुद्द पिओनीचे जाणकार बघायचे तर लंडनचं चेल्सी फ्लॉवर शो. 1913 पासून रॉयल हॉस्पिटलच्या आवारात, मे महिन्याच्या उत्तरार्धात भरतं. ग्रेट पॅव्हेलियनमध्ये एकेका फुलझाडाला वाहिलेल्या नर्सऱ्यांचे स्टॉल असतात. तिथल्या मांडणीकडे बघताना लक्षात घ्यायचं की शेतात एरवी वेगवेगळ्या आठवड्यांत फुलणाऱ्या जाती इथे एकाच दिवशी फुललेल्या आहेत. उशिराच्या जातींच्या कुंड्या काचघरात उबेला ठेवून पुढे ओढलेल्या, लवकरच्या जाती शीतगृहात मागे खेचलेल्या. आमच्या गाळ्यातलं गणित, फक्त मुळासकट झाडावर केलेलं.

या लोकांशी बोलायचं तर सकाळी दार उघडल्या उघडल्या जावं. दहानंतर गर्दीत कोणाला वेळ नसतो. 'भाव काय' हा प्रश्न शेवटी. आधी विचारावं: ही जात कापल्यावर किती आठवडे साठते? कळी कोणत्या टप्प्यावर कापता? पावसाळी वर्षात बुरशी कोणत्या जातीवर आधी दिसते? असे प्रश्न विचारणाऱ्याला स्टॉलवाले मागच्या बाजूला नेऊन बादल्या दाखवतात. जातीच्या नावाबाबत ही मंडळी फार काटेकोर. कोरल चार्म आणि कोरल सनसेट यांत गल्लत केली की बोलणं तिथेच आटोपतं. बार्टझेला ही पिवळी जात तिथे हमखास गर्दी खेचते. जपानच्या तोइची इतो यांनी 1948 मध्ये मऊ दांड्यांची नेहमीची पिओनी आणि लाकडी खोडाची वृक्षवर्गीय पिओनी यांचा संकर साधला, त्या वाटेवरची ही पुढची जात. बागेत अप्रतिम, कापून विकायला मात्र आखूड दांडीची. आम्ही ती ठेवत नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी चारला घंटा होते आणि मांडलेली झाडं विकायला काढतात. मोह आवरा. माती लागलेली मुळं भारतात आणता येत नाहीत, आणि धुतलेल्या मुळांनाही आधी आयात परवाना आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतं. बॅगेत टाकून आणलेलं मूळ जप्त होतं. व्हायलाही हवं.

ज्यांचं घर हिमाचल, उत्तराखंड किंवा काश्मीरमध्ये बर्फाच्या उंचीवर आहे, त्यांना मात्र आम्ही लावायला सांगतो. त्या डोंगरांत पिओनिया इमोडी ही पांढऱ्या, एकेरी, सुवासिक फुलांची जात रानात उगवते; काश्मिरात तिला ममेख म्हणतात. बागेसाठी लॅक्टिफ्लोरा गटातल्या जाती (सारा बर्नहार्ट त्यातलीच) घ्याव्यात. ऑक्टोबरात तीन ते पाच डोळ्यांचा तुकडा, 45 सेंटिमीटर खोल भुसभुशीत केलेला खड्डा, निचरा चोख, दोन झाडांत 90 सेंटिमीटर. डोळे मातीखाली 3 ते 5 सेंटिमीटरच. याहून खोल गेले की वर्षानुवर्षं नुसतं पान येतं, आणि 'फूल का नाही' या तक्रारीचं कारण बहुधा हेच असतं. नाहीतर मग शेणखताचा अतिरेक. पहिली दोन वर्षं कळ्या कापू नयेत. पुढे एका झाडाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त दांड्या काढू नयेत, आणि कापताना खाली दोन पानं ठेवावीत, कारण पुढच्या वर्षीचं फूल त्या पानांच्या जोरावर बनतं. शरदात वाळलेले दांडे जमिनीलगत कापून जाळावेत. कंपोस्टात टाकले तर बुरशी तिथेच हिवाळा काढते.

मिळण्याचे दिवस असे: एप्रिलअखेरपासून जूनपर्यंत हॉलंडचा माल, वैशाख-ज्येष्ठातल्या मुहूर्तांना पुरतो. पुढे चातुर्मास, तेव्हा अलास्कात हंगाम असतो, पण आपल्याकडे लग्नं नसतात. तुळशीच्या लग्नानंतर डिसेंबरपर्यंत चिली आणि न्यूझीलंडची फुलं येतात. जानेवारी-फेब्रुवारीत चांगला माल जवळजवळ नसतो. तेव्हा आम्ही ऑर्डर घेत नाही, डबल लिसिअँथस (गुलाबासारखं दिसणारं भरगच्च फूल) किंवा तळेगावचे गुलाब सुचवतो. ऑर्डर तीन आठवडे आधी द्या. त्यात फक्त तारीख नको, मुहूर्ताची वेळ, हॉल बंद आहे की लॉन उघडं, आणि आमचा टेम्पो किती वाजता आत सोडतील, एवढं लिहा.