स्प्रिंगचे काम हाताने

पहाटेच्या अंधारात मचाणावर बसून ज्याने एकदा तरी अर्ध-स्वयंचलित रायफलीचा बोल्ट (काडतूस आत ढकलून नळीचे मागचे तोंड बंद करणारा पोलादी भाग) नुसता सोडून दिला असेल, त्याला त्या आवाजाचे वर्णन करून सांगावे लागणार नाही. नेमबाजीच्या मैदानावर, कानांवर संरक्षक चढवलेले असताना, जो आवाज ध्यानातही येत नाही, तोच निःशब्द रानात पत्र्याचा डबा फरशीवर आपटावा तसा घुमतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला साधारण २५० हर्ट्झपासून ३० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येते आणि ४ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात त्याचे कान सर्वांत तीक्ष्ण असतात. धातूवर धातू आपटल्यावर उठणाऱ्या टणत्काराचा बराच भाग नेमका याच पट्ट्यात येतो. पाचोळ्यातल्या पावलांकडे ते एखाद वेळी दुर्लक्ष करील, कारण रानात पाचोळा सगळेच तुडवतात, परंतु पोलादाचा आवाज रानात दुसरे कोणीच करीत नाही. म्हणून मचाणावर रायफल आवाज न करता कशी भरावी, त्याविषयी हे.

हाताने बोल्ट सरकवण्याच्या रायफलीत हा प्रश्न फारसा येत नाही. तिथे काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या त्याच्या जागेत) ढकलणारा आणि बोल्ट फिरवून कुलूपबंद करणारा हातच असतो, त्यामुळे हाताला जितका धीर असेल तितके काम हळू करता येते. अर्ध-स्वयंचलित रायफलीत मात्र हे काम स्प्रिंगकडे सोपवलेले असते. मागे दाबून धरलेली स्प्रिंग सुटली की बोल्ट आणि त्याला धरून नेणारा वाहक वेगाने पुढे येतात, वाटेत मॅगझिनमधले (काडतुसांच्या पेटीतले) सर्वांत वरचे काडतूस उचलतात, ते चेंबरमध्ये लोटतात, आणि अगदी शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये तीन गोष्टी जवळजवळ एकदम घडतात: एक्स्ट्रॅक्टरची (काडतूस मागे ओढून काढणाऱ्या भागाची) नखी काडतुसाच्या कडेवरून चढून पलीकडे बसते, इजेक्टरची (काडतूस बाहेर फेकणाऱ्या भागाची) छोटी स्प्रिंग दाबली जाते आणि बोल्ट फिरून त्याचे लग्ज, म्हणजे टोकाचे दाते, कुलुपात जातात. म्हणजे सर्वांत जास्त जोर लागतो तो सर्वांत शेवटी, आणि तो जोर यंत्राला वेगातून मिळतो. वेग काढून घेतला की आवाज जातो हे खरे, पण त्याबरोबर तो जोरही जातो, आणि ही दुसरी गोष्ट मी पुष्कळ दिवस ध्यानात घेतली नव्हती.

काही वर्षांपूर्वी एआर-१५ पद्धतीच्या रायफलीवर मी चार्जिंग हँडल (बोल्ट मागे ओढण्याची पकड) मुठीत घट्ट धरून बोटाबोटाने पुढे सोडले. आवाज जवळजवळ झालाच नाही, आणि स्वतःच्या कसबावर खूश होऊन मी तासभर दबा धरून बसलो. उजाडल्यावर हरीण पन्नास-साठ पावलांवर येऊन आडवे उभे राहिले, मी सेफ्टी (चाप अडवून ठेवणारी कळ) काढली, चाप ओढला, आणि बार उडण्याऐवजी एक कोरडे ‘खट्’ ऐकू आले. नळी तशीच सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबलो, कारण उशिरा पेटणारे काडतूसही असू शकते, आणि मग पाहिले तेव्हा उलगडा झाला. वाहक काही मिलिमीटर मागेच अडकलेला होता, लग्ज कुलुपात गेलेले नव्हते, आणि हॅमर (चाप ओढल्यावर सुटणारा हातोडा) फायरिंग पिनपर्यंत (काडतूस पेटवणाऱ्या सुईपर्यंत) न पोचता वाहकावरच आपटून थांबला होता. बोल्ट बंद नसताना रायफल उडू नये यासाठीच ही रचना असते, तेव्हा रायफलीने तिचे काम चोख केले होते. बोल्ट पूर्ण बंद करण्याचे जे काम मी स्प्रिंगकडून काढून घेतले होते, ते मी केले नव्हते. हरीण अर्थातच थांबले नाही.

तेव्हापासून माझी रीत अशी आहे. झाडाखाली रायफल रिकामी असतानाच बोल्ट मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासतो, बोल्ट बंद करतो आणि सेफ्टी लावतो. एआर-१५ मध्ये हॅमर चढलेला नसेल तर सेफ्टी लागतच नाही, त्यामुळे हे काम खालीच उरकलेले बरे. मग मी वर चढतो, सुरक्षेचा पट्टा बांधतो आणि रिकामी रायफल दोरीने वर घेतो. भरलेली रायफल घेऊन मचाणावर चढणे हा शुद्ध वेडेपणा आहे, त्यावर अधिक लिहीत नाही. वर बसल्यावर इजेक्शन पोर्टचे, म्हणजे काडतूस बाहेर पडण्याच्या खिडकीचे, झाकण बोटाने आधीच उघडून ठेवतो, नाहीतर बोल्टच्या पहिल्याच हालचालीला ते ‘टक्’ करून उघडते. मॅगझिन आत सरकवताना त्याच्या खटक्याचे बटण दाबून धरतो, मॅगझिन जागेवर पोचले की बटण सावकाश सोडतो, आणि मॅगझिन खाली ओढून ते खरोखरच अडकले आहे ना हे पाहतो. मॅगझिन पूर्ण न भरता एक काडतूस कमी ठेवतो, कारण बंद बोल्टखाली गच्च भरलेले मॅगझिन बसवायला तळहाताचा दणका द्यावा लागतो. सेफ्टी उघडायची नसते, ती लावलेलीच राहते आणि बोल्ट तरीही मागे येतो.

यानंतर चार्जिंग हँडल पूर्ण मागे, अगदी शेवटपर्यंत ओढायचे आणि मुठीत धरूनच पुढे आणायचे. अर्धवट ओढून चालत नाही, कारण तेवढ्यात बोल्ट काडतुसाच्या मागे गेलेला नसतो आणि रिकाम्या चेंबरवरच बंद होतो. बोल्ट पुढे येता येता जिथे आपोआप थांबेल तिथे हँडल सोडायचे आणि फॉरवर्ड असिस्टच्या (बोल्ट पुढे ढकलण्यासाठी दिलेल्या) बटणावर अंगठ्याने सलग दाब द्यायचा, ठोकायचे नाही. शेवटचा तो बारीक ‘टप्’ बोटाला आधी कळतो आणि कानाला नंतर. या बटणाचा इतिहास गमतीचा आहे. अमेरिकी लष्कराने आग्रह धरल्यामुळे ते १९६० च्या दशकात एम-१६ च्या, म्हणजे एआर-१५ च्या सैनिकी भावंडाच्या, लष्करी आवृत्तीत आले, तर हवाई दलाला आणि मूळ रचनाकार यूजीन स्टोनर यांना त्याची गरज वाटत नव्हती, आणि न शिरणारे काडतूस जबरदस्तीने आत कोंबणे हे पेच वाढवणारेच असते हा आक्षेप मलाही पटतो. पण शिकाऱ्याच्या मूक कामासाठी हे बटण मुद्दाम घडवल्यासारखे वाटते. ज्या रायफलीवर ते नसेल, तिथे वाहकाच्या उजव्या बाजूचा खळगा पोर्टमधून बोटाने पुढे रेटता येतो.

अंधारात खात्री कशी करावी, यावर मला सर्वांत भरवशाची वाटणारी युक्ती मॅगझिनचीच आहे. दुहेरी रांगेच्या मॅगझिनमध्ये काडतुसे आळीपाळीने डावी-उजवी बसतात. मॅगझिन लावण्यापूर्वी वरचे काडतूस कोणत्या बाजूला आहे ते अंगठ्याने चाचपावे, बोल्ट बंद केल्यावर मॅगझिन काढून पुन्हा चाचपावे. बाजू बदलली असेल तर एक काडतूस चेंबरमध्ये गेले आहे. बोल्ट पूर्ण मिटला आहे की नाही हे मात्र याने कळत नाही. त्यासाठी वाहकाची पुढची कड बंद अवस्थेत नेमकी कुठे येते, हे दिवसा, घरी, रिकाम्या रायफलीवर बोटाच्या टोकाला शिकवून ठेवावे लागते.

शंका आली म्हणून बोल्ट थोडा मागे ओढून पुन्हा पुढे सोडण्याचा मोह फार होतो, आणि नेमका तोच टाळावा. नखी अजून कडेवर चढलेली नसेल तर पहिले काडतूस चेंबरमध्येच राहते, बोल्ट दुसरे उचलतो, आणि दुसऱ्याच्या गोळीचे टोक पहिल्याच्या प्राइमरवर, म्हणजे बुडाशी असलेल्या ठिणगीच्या टोपीवर, जाऊन टेकते. शंका असेल तर आधी मॅगझिन बाहेर काढावे आणि मगच बोल्ट मागे ओढावा.

ज्या रायफलींचे हँडल बोल्टला किंवा त्याच्या दांड्याला जोडलेले असते, त्यांच्यावर हे सगळे सोपे जाते. १९६७ पासून बाजारात असलेल्या ‘ब्राउनिंग बार’ या शिकारी रायफलीवर किंवा रुगरच्या मिनी-१४ वर हँडल तळहाताने पुढे रेटले की झाले, वेगळ्या बटणाची गरजच उरत नाही. १९६४ पासूनच्या रुगर १०/२२ ला लग्जचे कुलूपच नाही, बोल्टचे वजन आणि स्प्रिंग यांवरच सारा भार असतो. म्हणून तिथे बोल्ट पूर्ण मिटल्याची खात्री अधिकच कसोशीने करावी.

हळू बंद करण्याचा एक फायदा आवाजाच्या पलीकडचा आहे. एआर-१५, एम-१ गॅरँड, एसकेएस यांसारख्या रायफलींत फायरिंग पिन मोकळी तरंगती असते, त्यामुळे बोल्ट आपटला की ती थोडी पुढे येऊन प्राइमरवर टिचकी मारते. बाहेर काढलेल्या काडतुसाच्या प्राइमरवर तो बारीक खड्डा उघड्या डोळ्यांना दिसतो. प्राइमर वर उचललेला असेल किंवा पिनची वाट घाणीने तुंबलेली असेल, तर चापाला हात न लावताही बार उडू शकतो. म्हणून हळू असो वा जोरात, बोल्ट पुढे जाताना नळी कुठे पाहते आहे याचे भान सुटता कामा नये.

चेंबर मात्र कोरडे आणि स्वच्छ हवे, आणि थंडीत बोल्टवरचे वंगण पातळ हवे. घट्ट झालेले ग्रीस वेगाने येणाऱ्या बोल्टला सहसा अडवत नाही, पण अंगठ्याने ढकललेल्या बोल्टला सहज अडवते.

एवढे सगळे लिहूनही माझे मत असे की पायी शिकार करायची असेल तर या खटाटोपाची गरज नाही. जिथे कायदा परवानगी देतो तिथे, गाडीपासून दूर होताच आणि आसपास माणूस नाही हे पाहून, बोल्ट सरळ सोडून द्यावा. गाडीच्या दाराचा आवाज रानाने ऐकलेलाच असतो. त्यात हा एक मिसळतो, आणि पुढच्या अर्ध्या तासात रान पुन्हा सैलावते. मूक भरणे हे मचाणासाठी, जिथे आवाज करून दूर निघून जाण्याची सोयच नसते.

शिकार न होता दिवस संपला की वरच रायफल रिकामी करायची असते. आधी मॅगझिन, मग बोल्ट मागे. बाहेर पडणारे काडतूस मी मांडीवर घडी करून ठेवलेल्या जाकिटावर पडू देतो, पोर्टवर तळहात धरीत नाही. प्राइमरवर खड्डा पडण्याची आणि गोळी आत दबण्याची शक्यता असलेले ते काडतूस पुन्हा पुन्हा भरणे मला पसंत नाही. त्याच्या पितळेवर पेनाने एक रेघ ओढतो, आणि दुसरी रेघ पडली की ते सरावाच्या डब्यात टाकतो.