तुम्ही विचारलंत म्हणून: खरे विकून मातीचे का?

श्रावण संपत आला, पोळा जवळ आला की हा प्रश्न येतोच. ऑफिसात चहाच्या वेळी, सोसायटीच्या जिन्यात, भाऊबंदांकडून तर जेवणाच्या पंगतीतसुद्धा. "काय भाऊ, खरे बैल विकले आणि आता पोरांकडून मातीचे करून घेतोस?" हसतच विचारतात. काहींच्या मनात आणखी एक प्रश्न असतो, कोणाला विकले, पण तो ओठांवर येत नाही. तेही सांगून टाकतो. यावलकडच्या एका शेतकऱ्याला, जुंपायला म्हणूनच. पुढे त्याने त्यांचं काय केलं, ते बघायला मी गेलो नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराने, वर्षाच्या बोलीवरच्या आमच्या गड्याने, नवं साल धरलं नाही. वडिलांचे गुडघे गेलेले, मी धुळ्याला नोकरीत. बैलाला रविवार नसतो. सकाळ-संध्याकाळ चारा-पाणी, शेणकूट कोणी करायचं? ट्रॅक्टर तासावर मिळतो. २०१९च्या पशुगणनेत देशातली गाई-बैलांची एकूण संख्या २०१२पेक्षा किंचित वाढलेली दिसते, पण नरांची मात्र जवळपास ३० टक्क्यांनी घटली आहे. म्हणजे गोठे गावोगाव रिकामे झाले. मग मलाच कोपऱ्यात का घेता?

असो. मातीचे का, ते सांगतो.

पूर्वी माझं उत्तर तयार असायचं: "मुलांना शेतीची ओळख राहावी म्हणून." लोक मान डोलवायचे. पण मातीचा बैल करून शेती कळते होय? माझ्या मुलीला वखर कोणता आणि पाभर कोणती, हे आजही सांगता येत नाही. "तेवढाच मोबाइल सुटतो" हेही खरं नाही. मोबाइल शेजारीच असतो, त्यावर गाणी चालू असतात आणि दिवसअखेर त्याच्यावर चिखलाची बोटं उमटलेली असतात.

काम मात्र मजेचं आहे, हे खोटं नाही. बाहेर झड लागलेली, पोरं घरात कोंडलेली. कपाशीच्या वावरातली काळी माती चालत नाही. ओली असताना लोण्यासारखी वाटते, पण वाळताना आकसते आणि अंगभर भेगा पडतात. म्हणून बोरी नदीच्या काठची चिकणमाती आणायची, रात्रभर भिजवायची, जाड कापडातून गाळायची आणि मळताना पिंजलेला कापूस चिमूट चिमूट घालायचा. त्याचे तंतू माती धरून ठेवतात. पायांत काड्या. वशिंड नंतर चिकटवायचं नाही, अंगातूनच ओढून काढायचं, नाहीतर वाळल्यावर गळून पडतं. आणि उन्हात ठेवायचे नाहीत. ऊन असतंच कुठे म्हणा. या दमट हवेत सावलीत वाळायलाच चार-पाच दिवस जातात. मग गेरू, शिंगांना बेगड. साच्यातले रंगवलेले जोड बाजारात मिळतात, देखणे असतात, मला माहीत आहे.

विकल्यानंतरचा पहिला पोळा. गावाला एकटे नकोत म्हणून वडिलांना धुळ्याला आणलं होतं. आदल्या संध्याकाळी, खांदेमळणीच्या वेळेला, ते आमच्या हॉलमध्ये खुर्चीत बसून होते. टीव्ही चालू, आवाज बंद. एरवी त्या वेळी ते बैलांचे खांदे मळायला हळद-तूप घेऊन गोठ्यात असायचे. मुलगी तेव्हा दुसरीत होती. तिने आपली जोडी आणून त्यांच्या हातात दिली. वाळलेली, गेरू लावलेली, बेगड तेवढी बाकी. त्यांनी एक बैल उचलला, फिरवून पाहिला, आणि अंगठ्याने डाव्या शिंगाचं टोक मोडलं.

तिने घर डोक्यावर घेतलं. "आबांनी माझा बैल मोडला!" बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "आबा, अहो, चार दिवस खपून केलाय हो तिने." वडील म्हणाले, "त्यान्हं डावं शिंग धाकलं व्हतं."

आमच्या हिऱ्याचं. गोऱ्हा असताना फाटकात अडकून टोक गेलं होतं त्याचं. मी ते विसरलो होतो असं नाही, पण मातीच्या बैलात ते शोधायचं असतं, हे मला सुचलं नव्हतं. मग त्यांनी बायकोकडे हळद-तूप मागितलं आणि त्या वीतभर बैलाच्या मानेला बोटाने लावलं. तुपाने गेरूवर डाग पडला. मुलगी आणखी रडली.

तुम्हाला वाटेल, आता हा सांगणार की दुसऱ्या दिवशी ते जेवले नाहीत. जेवले. खापराची पुरणपोळी नेहमीसारखीच खाल्ली. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला विचारलं, त्या माणसाला तू सांगितलंस का, हिऱ्याला डावीकडेच जुंपायचं? उजवीकडे तो चालत नाही. मी म्हटलं, सांगितलं. नव्हतं सांगितलं. बाजारात दावं हातातून सुटतं तेव्हा हे कोणी सांगत बसत नाही.

तेव्हापासून मुलगी सगळ्या बैलांचं डावं शिंग लहान करते. बरेच दिवस तिला वाटायचं, बैल तसाच असतो.

तर आता मातीचे का? वडिलांसाठी म्हणावं, तर पुढच्या दोन्ही पोळ्यांना ते गावालाच राहिले आणि आम्ही इथे केलेच. भरपाई म्हणावी, तर कोणाला? हिऱ्याला? माझ्यासाठी म्हणावं, तर मला स्वतःला धड बैल येत नाही, माझ्या बैलाचं डुक्कर होतं. याच मातीतून भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई आणि भुलोजीच्या मूर्ती होतात, दादर ज्वारी निघाली की ताटं सोलून आम्ही गाडी करतो, सालीच्या काड्या गाभ्यात खोचून, डिंकाशिवाय. ते का करता, असं मला कोणीही विचारत नाही. पोळ्यालाच का विचारता?

यंदा धाकट्याने मातीचा ट्रॅक्टर केलाय. मागची चाकं बरणीच्या झाकणाएवढी. त्याला तो बैलांच्या रांगेत पाटावर बसवायचाय. मी नाही म्हणतो. वडिलांना फोनवर विचारलं तर म्हणाले, बसव की, वावरात तोच राबतो. मी अजून हो म्हटलेलं नाही.