उद्या पाऊस? टक्क्यांत सांगा!

आठवी-नववीच्या मुलांकडून ‘पडेल’, ‘नाही पडणार’ अशी उत्तरं घेऊ नका. टक्के लिहून घ्या. प्रश्न आधी घट्ट बांधा: उद्या सकाळी साडेआठपासून चोवीस तासांत शाळेच्या पर्जन्यमापकात २.५ मिमी किंवा जास्त? (हवामान खात्याचा ‘पावसाचा दिवस’ हाच.) नाहीतर चार थेंबांवरून भांडणं ठरलेली.

गुण हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांच्या १९५० सालच्या पद्धतीने. पाऊस झाला तर १, नाही तर ०; त्यातून अंदाज वजा करून फरकाचा वर्ग घ्यायचा. ७० टक्के (०.७) लिहिलं नि पाऊस झाला, तर ०.३ चा वर्ग, म्हणजे ०.०९, कोरडं गेलं तर ०.४९. कमी गुणवाला पुढे. रोज ५० लिहिणाऱ्याला कायम ०.२५. शंभर लिहून चुकलेल्याला पूर्ण १, आणि तो महिनाभर सावरत नाही.

जुलैत कोकणात हा खेळ नको, सगळेच ९५ लिहितात. सप्टेंबरअखेर बरा.