डावीकडे सरकणारी गायिका

फोनवर ते गृहस्थ एवढंच म्हणाले, "गायिका मधे उभीच राहत नाही हो. डावीकडे सरकते." दोन स्पीकर नीट लावले की गाणारीचा आवाज बरोबर त्यांच्या मधून आल्यासारखा वाटतो; त्यांना तो डावीकडून येत होता. घरोघरी स्पीकर लावून देणाऱ्या माझ्यासारख्याला ही तक्रार पाठ असते. बहुतेक वेळा एक स्पीकर कपाटाला चिकटलेला निघतो. अर्ध्या तासाचं काम समजून गेलो आणि अख्खी दुपार तिथेच गेली.

खोली पाच मीटर लांब, साडेतीन रुंद. डावीकडे सलग भिंत, उजवीकडे मात्र अर्ध्यापासून पुढे उघडी जागा. चोर सापडला, असं मनातल्या मनात म्हटलं. डावी भिंत आवाज परत फेकते, उजवीकडचा निघून जातो, म्हणून गाणं भिंतीकडे ओढलं जातं. ॲम्प्लिफायरवर ट्रेबलचं, म्हणजे वरचे बारीक, टोकदार सूर वाढवायचं बटण चांगलंच उजवीकडे फिरवलेलं दिसलं. ते मी मुकाट्याने मधे आणलं. त्यांनी तितक्याच मुकाट्याने परत फिरवलं.

सोफा मागच्या भिंतीला टेकलेला होता. तिथे बेस, म्हणजे खालचे घुमणारे सूर, फुगणारच. पाच मीटरच्या खोलीत ३४ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन्ही टोकांच्या भिंतींशी सगळ्यात जोरात असतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ गायब होतो. म्हणून सोफा पुढे ओढला, पण मध्याच्या जरा मागेच ठेवला. स्पीकर समोरच्या भिंतीपासून मीटरभर पुढे, एकमेकांत सव्वादोन मीटर, आणि डोक्यापासून दोघांचं अंतर तेवढंच. हे अंतर मी मोजपट्टीने दोनदा मोजतो. एक स्पीकर दहा सेंटिमीटर जवळ आला तरी त्याचा आवाज सेकंदाचा सुमारे ३,४०० वा भाग आधी पोचतो, आणि कानाला तेवढं पुरतं. जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या. मग डाव्या भिंतीवर आरसा सरकवत नेला. सोफ्यावरून त्यात स्पीकर दिसला, की आवाज त्याच जागेवरून उसळून कानाशी येतो; तिथे जाड रजई टांगली.

"आता?"

"डावीकडेच."

मग ॲम्प्लिफायरकडच्या वायरी अदलाबदल केल्या. दोष ॲम्प्लिफायरचा किंवा रेकॉर्डिंगचा असता तर गायिका उजवीकडे गेली असती. ती जागची हलली नाही. स्पीकरच उचलून इकडचा तिकडे केला (प्रत्येकी पंचवीस किलो, माझी कंबर अजून आठवण काढते), तरी डावीकडेच. म्हणजे खोलीच, दुसरं काही नाही. सोफ्यावर डोक्याच्या जागी मापाचा माइक उभा केला आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजल्या. खालच्या सुरांत फरक होता, तो असणारच. पण माणसाचा गळा ज्या पट्ट्यात असतो तिथे आलेखातल्या दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर बसल्या.

खरं तर दार उघडून आत आल्या आल्या करायची गोष्ट मी तेव्हा कुठे केली. त्यांना उठवून स्वतः त्या जागी बसलो. गायिका बरोबर मधे, दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या हवेत. त्यांच्या पत्नीला बसवलं. त्या म्हणाल्या, "मधेच तर आहे! पण तो स, श टोचतो हो, किती दिवस सांगतेय यांना."

माझी नजर ट्रेबलच्या बटणावर गेली.

त्यांना म्हटलं, "काका, एक गंमत करू. स्पीकरांकडे पाठ करून बसा." सोफ्याच्या जागी स्टूल ठेवलं. ते जरा चिडूनच बसले, डोळे मिटले आणि बऱ्याच वेळाने हात वर केला. डावा हात. फक्त आता त्यांच्या डाव्या हाताला उघडी बाजू होती आणि रजई टांगलेली भिंत उजवीकडे. खोलीचा दोष असता तर तो भिंतीपाशीच राहिला असता. हा त्यांच्याबरोबर फिरला होता.

हे सांगायचं कसं? गिऱ्हाइकाला "तुमचा कान तपासा" म्हणणं म्हणजे उर्मटपणाच वाटतो. मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात पत्नीच बोलल्या, "फोनसुद्धा हल्ली डाव्या कानालाच लावतात." काका काही बोलले नाहीत. उजव्या कानाजवळ दोन बोटं चोळून पाहिली, मग डाव्या. पुन्हा उजव्या. मी कानाच्या डॉक्टरांकडे लवकर जा म्हणालो, आणि रजई काढायला लागलो. "राहू दे ती," ते म्हणाले.

चार दिवसांनी फोन आला. उजव्या कानात मळ घट्ट बसला होता, डॉक्टरांनी काढला. गायिका मधे आली होती. "पण तुम्ही त्या दिवशी काहीतरी बिघडवून गेलात," ते म्हणाले, "प्रत्येक स कानात सुईसारखा जातोय."

मी म्हटलं, "काका, ते ट्रेबलचं बटण तेवढं मधे आणा."