यमुना नावाच्या मुली

एकोणिसाव्या शतकातील मराठी कादंबरीत दोन यमुना भेटतात आणि त्या दोघींच्या मध्ये एका पिढीचे अंतर आहे. पहिली, बाबा पदमनजी यांच्या १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘यमुनापर्यटन’ या पुस्तकाची नायिका; दुसरी, हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीतील यमू, जिची कहाणी १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः वाचकांसमोर येऊ लागली. पहिली कादंबरी ख्रिस्ती झालेल्या लेखकाने धर्मप्रसाराच्या उघड हेतूने लिहिली आहे, तर दुसरी पुण्यातील सुधारकी विचाराच्या गृहस्थाने मध्यमवर्गीय घराच्या माजघरात शिरून लिहिली आहे. दोन्ही पुस्तके मी पाठोपाठ वाचली, तेव्हा कथानकांतील साम्यापेक्षाही नावाच्या साम्याने मला अधिक अस्वस्थ केले, आणि त्याच काळात खरोखर जगलेल्या यमुना शोधण्याचा छंद मला तेव्हापासून लागला.

‘यमुनापर्यटन’मधली यमुना शिकलेली, विचार करणारी मुलगी आहे. ती पतीबरोबर, विनायकरावाबरोबर, प्रवासाला निघते आणि वाटेत जागोजागी विधवांची दैना पाहते, त्यांच्या तोंडून त्यांच्या हकिकती ऐकते. पुस्तकाच्या उपशीर्षकातच हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण करण्याचे आश्वासन आहे. पुढे तिचा पती मरण पावतो आणि जे ती इतरांच्या घरी पाहत आली होती ते तिच्याच वाट्याला येते. अखेरीस ती ख्रिस्ती धर्माचा आश्रय घेते आणि तिचा पुनर्विवाह होतो. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ सालचा, म्हणजे पुस्तकाच्या केवळ एक वर्ष आधीचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या शेवटाचे धाडस कळते.

आपट्यांच्या यमूला असा मार्ग सापडत नाही. ती आपली कथा स्वतः सांगते आणि हीच त्या कादंबरीची सर्वांत मोठी ताकद आहे. माहेरचे लाडके बालपण, दुर्गी नावाच्या मैत्रिणीचे हाल, सासरचा धाक, शिकवणाऱ्या आणि जीव लावणाऱ्या नवऱ्याबरोबर मुंबईत काढलेले थोडे सुखाचे दिवस, आणि त्याच्या मृत्यूनंतर शंकरमामंजींच्या राज्यात तिच्यावर बळजबरीने झालेले केशवपन, हे सारे ती इतक्या साध्या बोलीत सांगते की वाचणाऱ्याला लेखकाचा विसर पडतो. ते केशवपनाचे प्रकरण मी आजवर एका बैठकीत वाचू शकलेलो नाही.

दोन्ही लेखकांनी हेच नाव का घेतले असावे? आपट्यांनी पदमनजींपासून ते उचलले, असे मला वाटत नाही. यमुना हे त्या काळी घरोघरी आढळणारे नाव होते आणि ज्या लेखकाला एका मुलीच्या मिषाने हजारो मुलींविषयी बोलायचे आहे, तो असेच नाव निवडणार. स्नानाच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या ‘गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति, नर्मदे सिन्धु कावेरि’ या श्लोकातील नद्या आठवल्या तरी मराठी घरांतील मुलींची अर्धी नावे ओठांवर येतात. गंगू, यमू, गोदी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी या साऱ्या एकाच आळीत खेळत असतील. विशेष म्हणजे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष किंवा नदी यांची नावे असलेल्या मुलीशी विवाह करू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. शास्त्रार्थ काटेकोरपणे पाळणाऱ्या घरांनीही या वचनाकडे पिढ्यान्‌पिढ्या दुर्लक्ष केले आणि लेकींना नद्यांची नावे ठेवली, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

आता खऱ्या यमुनांकडे वळतो. कल्याणच्या गणपतराव जोशी यांच्या घरी १८६५ साली जन्मलेल्या मुलीचे नाव यमुना होते. वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ साली, तिचे लग्न टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या आणि वयाने तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या गोपाळराव जोशी या बिजवराशी झाले आणि तिचे नाव बदलून आनंदी ठेवले गेले. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला व दहा दिवसांत तो दगावला. पुढे १८८३ साली ती एकटी अमेरिकेला गेली, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेऊन डॉक्टर झाली, आणि कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक हातात असतानाच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वी, क्षयाने गेली.

दुसरी यमुना देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची. तिचे लग्न १८७३ साली महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले, तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि रानडे तिशी ओलांडलेले होते. त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवली आणि कुमारिकेशी लग्न केले. त्या मुलीला तेव्हा अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी तिला शिकवले, घरातील वडीलधाऱ्या बायकांनी त्यावरून तिला छळले, आणि तिने ते सारे सोसून १९१० साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे मराठीतील एक अत्यंत सुंदर आत्मकथन लिहिले. ही यमुना म्हणजे पुण्याच्या सेवासदनाच्या रमाबाई रानडे.

कल्याणची यमू आणि देवराष्ट्र्याची यमू यांच्या लग्नांत फार अंतर नाही. दोघींच्याही लग्नात तांदळाने भरलेले ताट पुढे ठेवले गेले असेल, सोन्याच्या अंगठीने त्या तांदळात नवे नाव रेखले गेले असेल आणि साखर वाटली गेली असेल, कारण आपल्याकडची रीतच तशी आहे. रानड्यांना लोक माधवराव म्हणत. माधवाची पत्नी रमा, ही जोडी देवादिकांपासून चालत आलेली. थेऊरला पतीबरोबर सती गेलेली थोरल्या माधवराव पेशव्यांची पत्नीही रमाच होती. म्हणजे स्वतःच्या नावाऐवजी मुलीला जे नाव मिळाले, ते बहुधा पतीच्या नावाला शोभेल असे पाहून ठरवलेले होते.

या नव्या नावांनी त्यांना पुन्हा दुसऱ्याच नामबंधूंच्या, म्हणावे तर नामभगिनींच्या, मेळ्यात नेऊन बसवले. आनंदीबाई म्हटले की तोवर मराठी माणसाला राघोबादादांची पत्नी आणि नारायणरावाच्या खुनाच्या संदर्भातील ‘ध’चा ‘मा’ आठवत असे. ती इतिहासात आणि नाटकांत इतकी रंगवली गेली होती की ते नाव धारण करणारी एक मुलगी एकोणिसाव्या शतकात डॉक्टर होऊन दाखवते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे १८९३ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या तरुण विधवेने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि तीही आनंदीबाई झाली. पुन्हा एक नदी मागे राहिली आणि पुन्हा तेच नाव पुढे आले.

रमाबाईंची गर्दी तर याहून मोठी आहे. पंडिता रमाबाईंचे नाव जन्मापासूनचे. लग्नानंतरही ते बदलले नाही, कारण त्यांचे लग्नच रूढ चौकटीबाहेर, बंगाली गृहस्थाशी, झाले होते. १८८२ साली त्या पुण्यात आल्या आणि त्यांच्या व्याख्यानांना, त्यांनी स्थापिलेल्या आर्य महिला समाजाला, रानड्यांच्या रमाबाई जाऊ लागल्या. एकाच दिवाणखान्यात एक जन्माची रमा आणि एक लग्नाने झालेली रमा समोरासमोर बसल्या. आणि तिसऱ्या रमाबाई, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्नी, ज्यांना ते लाडाने ‘रामू’ म्हणत व ज्यांना त्यांनी पाकिस्तानविषयीचा आपला ग्रंथ अर्पण केला. आजही ‘रमाबाई’ एवढेच म्हटले तर कोण, हे ऐकणारा कुठे उभा आहे यावर ठरते: पुण्याच्या सेवासदनात एक, दौंडजवळच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुसरी, आणि घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात तिसरी. मला यात गोंधळ दिसत नाही. तीन समाजांनी एकाच नावाखाली आपापल्या घरातील थोर बाई जपून ठेवली आहे.

कादंबरीतील आणि खऱ्या यमुनांना जोडणारा एक धागा मात्र मला फार उशिरा सापडला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे मराठीतील चरित्र काशीबाई कानिटकर यांनी लिहिले. याच काशीबाई हरि नारायण आपट्यांच्या निकटच्या स्नेही होत्या आणि बायकांच्या आयुष्यातील बारकावे आपट्यांना कळण्यात त्या स्नेहाचा मोठा वाटा होता. म्हणजे एकाच मित्रवर्तुळात, थोड्याच वर्षांच्या अवधीत, एक व्यक्ती माहेरी यमुना असलेल्या खऱ्या मुलीचे चरित्र लिहीत होती आणि दुसरी व्यक्ती कल्पनेतील यमूला बोलते करीत होती. आपट्यांच्या मनात नाव ठरवताना आनंदीबाई होत्या, असे म्हणण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही आणि तसे मी म्हणणारही नाही; परंतु कादंबरीतील यमूचे बालपण वाचताना कल्याणची यमू माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

त्यानंतर खऱ्या यमुनाच पात्रे झाल्या. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने १९६८ साली आनंदीबाईंना घरोघरी पोहोचवले आणि २०१९ साली त्याच नावाचा चित्रपट आला. रमाबाई रानड्यांवरची ‘उंच माझा झोका’ ही मालिका २०१२ साली दूरचित्रवाणीवर आली. अनेकांना या दोघींचे माहेरचे नाव प्रथम कळले ते अशा कलाकृतींमुळे, पाठ्यपुस्तकांमुळे नव्हे, हे खेदाने नोंदवावे लागते.

या यादीत एक यमुना अशी आहे जिचे नाव कोणी बदलले नाही. १९१५ साली सातारा जिल्ह्यात, कोल्हाटी समाजातील गरीब कुटुंबात जन्मलेल्या यमुनाबाई वाईकर आईकडून गाणे शिकल्या, ‘यमुना हिरा तारा वाईकर’ या संगीत पार्टीच्या पाटीवर त्यांचे नाव सर्वांत आधी लागले आणि बैठकीच्या लावणीने त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व २०१२ साली पद्मश्री मिळवून दिली. ज्या पांढरपेशा घरांतील लेकींची नावे लग्नात बदलत होती, त्या घरांनी या बाईंना प्रतिष्ठा द्यायला फार वर्षे लावली. १५ मे २०१८ रोजी, वयाच्या एकशेदोनाव्या वर्षी, त्या वाईत निवर्तल्या. माझ्या मते चरित्रकोशांत आनंदीबाई आणि रमाबाईंच्या नोंदींशेजारी वाईकरांची नोंदही त्याच आदराने वाचली गेली पाहिजे.

जुन्या कुलवृत्तांतांत अनेकदा सुनेचे सासरचे नाव देऊन त्यापुढे माहेरचे नाव आणि वडिलांचे गाव दिलेले असते; ज्या ग्रंथांना आपण केवळ घराण्याच्या अभिमानाची पुस्तके समजतो, त्यांनी माहेरची नावे जपण्याचे हे काम मुकाट्याने केले आहे. एकोणिसाव्या शतकात लिहित्या, शिकवणाऱ्या वा संस्था चालवणाऱ्या स्त्रियांची माहेरची नावे मी सध्या याच मार्गाने टिपून ठेवतो आहे. ज्यांच्या घरी असा कुलवृत्तांत असेल, त्यांनी त्यातील त्या काळच्या शिक्षिका, लेखिका आणि सुइणी यांच्या नोंदी पाहाव्यात आणि नाव, गाव व सन मला कळवावे. सुइणींविषयी तर कोशांत जवळजवळ काहीच नाही, म्हणून त्यांच्या नोंदी मला सर्वांत आधी हव्या आहेत.