तुम्ही विचारलंत म्हणून: एसीशिवाय घर थंड राहतं का?

मी वास्तुविशारद आहे हे कळलं की पुढचा प्रश्न हाच. उत्तर मात्र 'हो' किंवा 'नाही' असंच हवं असतं. 'कुठल्या हवेत?' असं मी उलट विचारलं की लोकांना वाटतं, बाई टाळतायत.

टाळत नाहीये. बाहेर ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर नुसत्या पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त २२ अंशांच्या आसपास उतरू शकते. तेच ३२ अंश आणि ८० टक्के असतील, तर कितीही पाणी खेळवा, २९च्या खाली जात नाही. वर घराला ओल येते ती वेगळीच. तिथे कामाला येतो तो फक्त वारा. त्यामुळे कारंज्याचे फोटो मला पाठवू नका. वारुळासारख्या, एसीशिवाय गार राहणाऱ्या इमारतीची गोष्टही सांगू नका. झिम्बाब्वेच्या राजधानीतलं, हरारेतलं ईस्टगेट सेंटर, १९९६चं, मला माहीत आहे. त्यात पंखे आहेत, आणि हरारे सुमारे १५०० मीटर उंचीवर असल्यामुळे तिथे रात्री गार पडतं, हे दोन तपशील गोष्टीतून नेहमी गळतात.

रात्र गार पडणं हाच तर सगळा मुद्दा आहे. एका घराला मी जाड भिंती दिल्या, दक्षिणेला छज्जे, गच्चीला पांढरा थर, पश्चिमेला जवळपास खिडकीच नाही, आणि वर झरोके. दिवसाची उष्णता जाड भिंतीतून आत यायला सहा-आठ तास घेते. तोवर बाहेर गार झालेलं असतं. रात्री झरोके उघडायचे, सकाळी सगळं बंद करायचं. हिवाळ्यात खाली कललेलं ऊन त्याच छज्ज्यांखालून आत यायचं आणि भिंती ते रात्रीपर्यंत पुरवायच्या. त्याबद्दल कधी कुणाचा फोन आला नाही.

फोन आला तो उन्हाळ्यात, रात्री. ''या आणि इथे झोपून दाखवा.''

गेले. झरोके बंद होते. रस्त्यावरचा धूर येतो, म्हणाले. खरं होतं ते. पलंगामागच्या भिंतीला हात लावला. चटका बसत नव्हता, पण हात ठेवावासाही वाटत नव्हता. मी स्टुलावर चढून झरोके उघडले. आत आली ती हवासुद्धा कोमट. त्या आठवड्यात रात्री पारा उतरतच नव्हता. भिंतींनी दिवसभर घेतलेलं परत टाकायचं कुठे? घरातल्या आजी ओला पंचा मानेवर घेऊन फरशीवर बसल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, ''तुमच्या घरी आहे का हो एसी?''

आहे. एका खोलीत. तसं सांगितलं. मग कुणी काही बोललं नाही, आणि मीही छज्ज्यांबद्दल बोलायचं सोडून दिलं.

त्यांनी एसी बसवला. पहिल्या रात्री खोली थंड व्हायला फार वेळ लागला, कारण तापलेल्या भिंती उष्णता सोडतच होत्या. नंतर मात्र एका छोट्या यंत्रावर भागलं; काचेवर ऊनच पडत नसल्यामुळे ते दिवसाही फार चालवावं लागत नाही. हे मी आता विजयासारखं सांगते. वीस-पंचविशीतली मी समोर असती तर म्हणाली असती, ''एसी लागला म्हणजे आराखडा हरला.'' तिला म्हणावंसं वाटतं, बाई, त्या फरशीवर बसून बघ. त्यावर तिचं उत्तर तयार असेल: रात्री गार का पडत नाहीत? घराघरातून उष्णता बाहेर कोण फेकतंय? याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि तिच्याकडे त्या आजींसाठी काही नव्हतं.

तर पुढच्या वेळी विचाराल तेव्हा सांगा: तुमच्याकडे सर्वांत उकाड्याच्या आठवड्यात रात्री पारा कुठवर उतरतो? रात्री खिडकी उघडी ठेवता येते का, की धूर, डास, चोर? मग बोलू. आणि पश्चिमेच्या मोठ्या काचेला आतून जाड पडदा लावून भागेल का, हे विचारणार असाल तर आत्ताच सांगते, नाही भागणार. ऊन एकदा काचेतून आत शिरलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. अडवायचं ते काचेच्या बाहेर.